दोन पायांवर उभी होडी

मित्रांनो, मी पडायला आलेली एक जुनी शिडाची होडी आहे. ओहोटीला खाडीतलं पाणी निघून गेलं, की मी चिखलात उभी राहते. हल्ली माझा डावा पाय निखळत चालला आहे. दर ओहोटीला मी थोडी जास्त कलते. एकदा का आडवी झाले, की पुढची भरती माझ्या पोटात शिरेल आणि मग मला कोणी उठवू शकणार नाही. म्हणून, बोलता येतंय तोवर माझी हकीकत सांगून टाकते.

होडीला पाय कसले, असं तुम्ही विचाराल. शिडाच्या होडीच्या तळाखाली लोखंडाचं एक जड पातं असतं. त्याला कील म्हणतात. वाऱ्याने होडी उलटू नये आणि आडवी सरकू नये, म्हणून ती कील होडीला पाण्यात खोलवर धरून ठेवते. बहुतेक होड्यांना तळाच्या मधोमध अशी एकच खोल कील असते. मला दोन आहेत, डावी आणि उजवी, आणि दोन्ही आखूड. माझं सगळं नशीब या दोन पायांनी ठरवलं.

ते ठरलं तो दिवस मला आठवतो. होड्यांच्या कारखान्यात मी पालथी पडले होते. लाकडाचा भुसा, डिंकाचा वास, आणि माझ्याभोवती तीन माणसं. एक चष्मेवाले, चष्मे बनवून विकणारे. दुसरी त्यांची बायको, शिवणकाम करणाऱ्या बाई. आणि तिसरा त्यांचा धाकटा भाऊ. तो एका जागी कधी ठरत नसे, म्हणून सगळे त्याला भिंगरी म्हणत.

“दादा, एकच घे, खोल,” भिंगरी म्हणाला. “वारा समोरून आला, की दोन आखूड किलींची होडी खेकड्यासारखी आडवी सरकते. माझी बघ, वाऱ्याच्या नाकावर टिच्चून चढते!”

“तुमची होडी धक्क्याला असते भावजी, खोल पाण्यात,” बाई म्हणाल्या. “आमची दारातल्या खाडीत राहणार. तिथं दिवसातून दोनदा चिखल होतो. एका पायावर ही बगळ्यासारखी उभी राहणार आहे का?”

दोघांनी चष्मेवाल्यांकडे बघितलं. ते माझ्या तळावरून हात फिरवत होते.

“मी गिऱ्हाइकाला विचारतो, जवळचं बघायचंय की लांबचं? दोन्ही एका काचेत मागितलं की दोन्ही धूसर दिसतं.” मग ते बायकोकडे बघून हसले. “आपण जवळचं बघू. दोन किली लावू.”

“लावा बापडे,” भिंगरी म्हणाला. “अडलात तर ओढून आणायला मी आहेच!”

मित्रांनो, पुढची वर्षं सुखाची होती. बाईंनी बाहेरच्या खोलीतली खाट उभी करून ठेवली आणि जमिनीवर पसरून माझं शीड शिवलं. सुट्टीच्या दिवशी तिघं निघत, दोघं माझ्यात आणि भिंगरी त्याच्या होडीत. तो पुढे जाई, वळून परत येई, माझ्याभोवती गिरकी घेई आणि ओरडे, “दादा, झोपलास का रे?” मी संथच होते. पण ओहोटी लागली, की खाडीत चुकून अडकलेल्या बाकीच्या होड्या दारू प्यायल्यासारख्या आडव्या पडत आणि मी ताठ उभी असे. माझ्या फळीवर ठेवलेल्या कपातला चहा सांडत नसे. “बाईंची निवड!” असं लोक म्हणत, तेव्हा माझी छाती फुगून येई.

मग ती दुपार आली.

चष्मेवाले आणि बाई मला घेऊन लांब गेले होते. परतताना वारा एकाएकी फिरला. घर समोर, वारा समोरून, आणि पाठीमागे काळे कातळ. माझ्यात इंजिन नव्हतं. वाऱ्यासमोर होडी सरळ जात नाही. डावीकडे, उजवीकडे अशी नागमोडी चढत जाते. चष्मेवाल्यांनी मला वळवलं, पुन्हा वळवलं. मी जिवाच्या आकांताने पाणी कापत होते. पण जेवढी पुढे जाई, त्याहून जास्त आडवी घसरे. माझ्या आखूड किलींना पाण्यात पकडच मिळेना.

“अहो, कातळ जवळ येतायत,” बाई म्हणाल्या.

“दिसतंय मला.”

“अजून एकदा वळवा.”

“किती वळवू? ही चढतच नाही!”

ते शब्द माझ्या फळ्याफळ्यांतून गेले. ही चढतच नाही. लाटा कातळावर फुटत होत्या आणि त्यांचे तुषार माझ्या शिडावर पडत होते. मला हात असते, तर मी त्या दोघांना उचलून पाण्याबाहेर धरलं असतं. मला हात नव्हते.

तेवढ्यात समोरून एक शीड आलं. धक्क्यावरून भिंगरीने आम्हाला बघितलं होतं. त्याने जवळून गिरकी घेत दोर फेकला, बाईंनी तो माझ्या नाकाशी बांधला, आणि त्याच्या खोल किलीच्या जोरावर आम्ही त्या कातळांपासून इंचाइंचाने सुटलो.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. ओहोटी लागलेली होती. माझ्यापुरतं पाणी तिथं होतं. भिंगरीपुरतं नव्हतं.

“भावजी, दोर सोडा!” बाई ओरडल्या. “तुम्हाला तिथं पाणी नाही! मागे फिरा!”

त्याला ऐकू गेलं. त्याने मान वळवून बघितलं. “सोडला तर तुम्ही परत कातळावर जाल वहिनी!” तो ओरडला आणि तसाच पुढे गेला.

त्याची कील वाळूत रुतली. होडी गचका खाऊन थांबली आणि पाठोपाठच्या लाटेने तिला आडवी केली. मला मात्र त्याच लाटेने उचलून बांधापलीकडे टाकलं. मी वाळूवर टेकले आणि माझ्या दोन पायांवर उभी राहिले. चष्मेवाले कमरेला दोर बांधून पाण्यात उतरले. भिंगरीचा हात त्यांच्या हातात आला होता, मित्रांनो. मी बघितलं. पुढच्या लाटेने तो हात सुटला, आणि भिंगरी परत आला नाही.

त्यानंतर चष्मेवाले माझ्याकडे फिरकले नाहीत. मी उभी राहिले म्हणून दोघं जगली. मी चढले नाही म्हणून तिसऱ्याला यावं लागलं. या दोन्हींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही, मग त्यांना कसा येणार? माझा रंग उडाला. शीड कुजलं. कील तळाला जोडणारे बोल्ट गंजले आणि फटीतून पाणी झिरपू लागलं.

आज ओहोटीला मी इतकी कलले, की बाई धावत घरात गेल्या आणि चष्मेवाल्यांना हाताला धरून घेऊन आल्या. दोघांचेही केस आता पिकले आहेत. ते काठावरच थांबले.

“तोडून टाकू या,” ते म्हणाले. “तिच्याकडे बघितलं की तो दिसतो.”

“मलाही दिसतो. तोडायची तर तोडा. पण अशी झिजत ठेवू नका.” बाई म्हणाल्या. “दोन किली मी मागितल्या होत्या. माझ्याशी तुम्ही बोलता, जेवता, आणि तिचं तोंड बघत नाही. खरं सांगा, राग कोणावर आहे?”

ते चपला काढून चिखलात उतरले. गुडघ्यापर्यंत रुतत माझ्या डाव्या पायाशी आले आणि गंजलेल्या बोल्टांवर हात ठेवला. “माझ्यावर,” ते म्हणाले. “त्याचा हात माझ्या हातात होता गं.” आणि माझ्या अंगाला कपाळ टेकून लहान मुलासारखे रडले.

बाईंनी आणलेला वासा दोघांनी मिळून माझ्या डाव्या कुशीखाली ठोकला. मी बरी होईन की उद्या माझी लाकडं होतील, ते अजून त्यांचं ठरलेलं नाही.

मित्रांनो, एका किलीची होडी घ्या किंवा दोन किलींची. प्रत्येकीत एक गोष्ट मिळते आणि एक गमवावी लागते. त्याबद्दल होडीवर रुसू नका, आणि निवडणाऱ्या माणसावर तर मुळीच नाही. फक्त, जिच्या भरवशावर पाण्यात उतरलात, तिच्या तळाशी अधूनमधून वाकून बघा. आम्हाला हाक मारता येत नाही.

भरतीचं पाणी वाशापर्यंत आलं आहे. चष्मेवाले अजून चिखलातच उभे आहेत, माझ्या अंगाला खांदा लावून.