सुंदरबाईंनी सांगितलेली तारीख

वच्छलाबाई सत्तेचाळीस वर्षांची झाली आणि तिने जावेच्या हातचं पाणी पिणं सोडलं.

"अक्का, तू पानीमा इख टाकस. माले माहीत शे," असं ती भर अंगणात म्हणाली. शिरपूरजवळच्या त्या गावात जाऊ पाण्यात विष घालते ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. मोठी जाऊ सुंदरबाई तांब्या उचलून आत गेली. सव्वीस वर्षं दोघी एका चुलीवर राबल्या होत्या. वच्छलाबाई शेतावर वीस मजुरांकडून कापूस वेचून घ्यायची, कुणाची ओटी किती भरली ते नजरेनेच सांगायची. आता तीच बाई दार लावून बसायची. मोटारीच्या आवाजात तिला आपलं नाव ऐकू यायचं.

नवऱ्याने, मोतीलालने, तिला धुळ्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. "वहिनी, तुम्ही नका येऊ, ती बिथरेल," तो म्हणाला. पण सुंदरबाई एसटीत मागच्या बाकावर जाऊन बसलीच.

डॉक्टर शालिग्राम यांनी विचारलं, "असं आधी कधी झालं होतं?"

"कधीच नाही साहेब," मोतीलालने ठामपणे सांगितलं.

दाराशी उभी सुंदरबाई घुटमळली. बाईमाणसाची गोष्ट, तीही पुरुषांदेखत! पण ती पुढे आली.

"हाई पहिली खेप नही शे, साहेब."

मोतीलालने मागे वळून पाहिलं. सुंदरबाई खाली न बघता सांगू लागली. वच्छलाच्या लेकराच्या, पुनाच्या, बाळंतपणानंतर पाचव्या दिवसापासून तिची झोप उडाली होती. कुणीतरी बाळ बदलून नेलं, असं ती म्हणत होती. महिनाभर सुंदरबाईने बाळ आणि आई दोघांना सांभाळलं आणि पुरुषांना सांगितलं, बाळंतिणीला ताप आहे. पुढेही पाळीच्या आधीचे दोन दिवस वच्छला सावलीलाही दचकायची. आणि पाळी? ती गेल्या दिवाळीपासून बंद झाली. भास सुरू झाले ते संक्रांतीनंतर.

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं, खुर्ची पुढे ओढली आणि मोतीलालला जरा बाहेर बसायला सांगितलं.

"मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं," ते म्हणाले. "त्याचा जोर वाढला की साध्या आवाजातही माणसाला धोका दिसतो. बाईच्या अंगात इस्ट्रोजेन असतं, ते काही जणींमध्ये हा जोर आवरून धरत असावं. बाळंतपणानंतर ते एकदम घसरतं, पाळीआधी कमी होतं आणि पाळी गेली की उरतं थोडंच. अजून सगळं सिद्ध झालेलं नाही, संशोधन चालू आहे. पण तुम्ही सांगितलेल्या तिन्ही वेळा त्यात बसतात."

"म्हणजे ती वाईट नाही? बाहेरचं काही नाही?" सुंदरबाईने विचारलं.

"नाही. हा आजार आहे. गोळ्या द्यायच्या, आणि तुम्ही लक्ष ठेवायचं."

गोळ्यांनी सुरुवातीला हात थरथरले, मग डॉक्टरांनी मात्रा जुळवली. तीन महिन्यांनी वच्छलाबाई पुन्हा कापसात उभी राहिली. पहिल्या दिवशी तिने सुंदरबाईच्या हातून तांब्या घेतला आणि एका दमात रिकामा केला.

पोळ्यानंतर डॉक्टरांनी दोघींना शिकाऊ डॉक्टरांसमोर बोलवलं. विषाची गोष्ट सांगायची नाही, असं सुंदरबाईने मनाशी पक्कं केलं होतं. पण वच्छलाबाईच उभी राहिली.

"मी या बाईला विष देणारी म्हटलं. सगळ्या गावासमोर. आणि माझं पहिलं दुखणं फक्त तिच्याच ध्यानात होतं."

सुंदरबाईने पदर सारखा केला, डोळे पुसले नाहीत. चष्मा लावलेल्या एका मुलीने तिला विचारलं, "मावशी, आम्ही पेशंटला काय विचारायचं?"

"पाळी कधी गेली ते विचारा. बाळंतपणात काय झालं ते विचारा. आणि पोरी, आधी नवऱ्याला बाहेर बसव, मग विचार."

सगळी खोली हसली. डॉक्टर शालिग्रामांनी मात्र ते वाक्य फळ्यावर लिहिलं. सुंदरबाईला वाचता येत नव्हतं, तरी आपलं वाक्य कुठलं ते तिने ओळखलं आणि ती ताठ मानेने त्याच्याकडे बघत राहिली.

बाहेर मोतीलाल वाट बघत होता. "काय झालं आत?"

"अक्काने डॉक्टरांना शिकवलं," वच्छलाबाई म्हणाली आणि जावेचा हात धरून एसटी स्टँडकडे निघाली.