पहिला बोलणारा

ओस्टरहेमच्या नगरपालिकेची सभा सुरू व्हायला जेमतेम तासभर उरला होता आणि तरुण संशोधक हिल्केच्या हातातली कॉफी कधीच गार झाली होती. चिठ्ठ्या टाकून निवडलेली साधी माणसं एकत्र बसून बोलली तर त्यांचं एकमत होतं का, हे ती तीन वर्षं संगणकावर तपासत होती. पडद्यावरची माणसं, म्हणजे नुसते ठिपके, एकमेकांशी बोलत, मतं बदलत आणि अखेर सगळी एका रंगाची होत. त्याच भरवशावर तिचे मार्गदर्शक सिब्रेन हुकेमा आज नगरसेवकांना सांगणार होते, की गावाजवळ पवनचक्क्या उभारायच्या की नाही हा तंटा चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या अशाच माणसांवर सोपवा.

आज सकाळी सहज म्हणून तिने प्रोग्राम चाळला आणि चूक दिसली. प्रत्येक फेरीत तोच एक ठिपका आधी बोलत होता. तिने बोलण्याचा क्रम पत्त्यांसारखा पिसून पाहिला, तर एकमत गायब. दोन तट पडले आणि काही केल्या मिटेनात. इतके दिवस ती जिला सहमती समजत होती, ती पहिल्या बोलणाऱ्याची दादागिरी होती.

तिने सिब्रेनना नगरपालिकेच्या जिन्यात गाठून सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, तेच तिला जड गेलं. आजचं पार पडू दे, लेखात दुरुस्त करू, एवढं म्हणून ते वर गेले.

सभेत ते छान बोलले. मग महापौरबाईंनी हिल्केला प्रयोग चालवून दाखवायला सांगितला. तिने संगणक उघडला. सिब्रेननी मान किंचित हलवली: नको.

तिने जुना क्रम दाखवला. मग पिसलेला.

या वेळी पडद्यावर दोन रंग उरले, ते उरलेच.

"मग आधीचं ते काय होतं?" महापौरबाईंनी विचारलं.

"माझी चूक. पहिला बोलेल त्याच्याच मागे सगळे जात होते. मला आज सकाळी कळलं."

"आणि प्राध्यापकांना?"

हिल्केने सिब्रेनकडे पाहिलं. ते सावकाश उठले. "मलाही कळलं होतं, सभेच्या आधी. आज राहू दे असं मीच तिला म्हणालो."

तंटा अशा माणसांवर सोपवायचा ठराव बारगळला. समोरून येणाऱ्या वाऱ्यात सायकली दामटत दोघं स्टेशनकडे निघाली. कालव्याशी सिब्रेननी वेग कमी केला.

"सगळ्यांचं सारखंच ऐकलं जावं, असं जन्मभर लिहिलं मी," ते म्हणाले, "आणि जिन्यात तुझं दोन मिनिटं नीट ऐकून घेतलं नाही."

त्यांची समजूत घालावी असं तिला वाटलं नाही.

"उद्या पुन्हा पहिल्यापासून चालवू," ती म्हणाली. "पण या खेपेला प्रोग्राम तुम्हीही वाचायचा. ओळ न् ओळ."

"वाचतो," ते म्हणाले आणि मान खाली घालून पेडल मारू लागले.