कुंडातले जाड मासे

शहाण्णव साली येरळा नदीकाठच्या आमच्या गावात दर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसायची. गावातल्या कुंडाचं पाणी आजार बरं करतं म्हणून वडूजहून जीपगाड्या भरून माणसं येत. नाथाजी बुवा कुंडाच्या पायरीवर दोन घमेली मांडत. दोन्हींत हातभर लांब रोहू. नदीतला हाडकुळा, कुंडातला गुबगुबीत.

“नदीचा मासा काडी, कुंडाचा मासा गादी,” बुवा म्हणत. “आवं, मुका जीव खोटं बोलंल व्हय? ह्याच पाण्यानं तुमच्या अंगावर मांस चढंल.”

माझ्या बायकोला, रंगूला, क्षय होता. बुवांनी सांगितलं, गोळ्या बंद, जेवण एकच वेळ, बाकी कुंडाचं तीर्थ. शिवाय दर गुरुवारी माशांना शेंगदाण्याची पेंड घालायची. मी सगळं पाळलं.

रंगू एकदा म्हणाली, “मासं लय सुखात हायेत. मलाबी टाका कुंडात.”

मी हसलो. दिवाळीनंतर ती गेली.

पुढे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या दीक्षा मॅडम आल्या. नदीतल्या आणि कुंडातल्या माशांची वाढ त्यांना ताडून बघायची होती. आता शिकलेली माणसंही पाया पडणार म्हणून बुवा खूश झाले. मॅडमनी शाळेच्या आवारात दोन हौद भरले. एकात कुंडाचं पाणी, दुसऱ्यात नदीचं. दोन्हींत नदीतलेच, सारख्या वजनाचे मासे सोडले. पेंड घातली फक्त नदीच्या पाण्यात. दोन्ही हौदांवर जाळी टाकून कुलूप लावलं आणि किल्ली गावच्या हरिबाकडे ठेवली.

दोन महिन्यांनी गुरुवारच्या गर्दीसमोर मासे तागडीत घातले. कुंडाच्या पाण्यातले वाळून गेले होते. नदीच्या पाण्यातले फुगले होते.

बुवा म्हणाले, “श्रद्धा न्हाई तितं तीर्थ फळत न्हाई.”

हरिबानं विचारलं, “मग ह्या जाड्याची श्रद्धा कशावर व्हती, बुवा? पेंडीवर?”

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. “पाण्यात काही नाही. कुंडातल्या माशांना पोटभर मिळतं, नदीतल्यांना नाही. तुम्हीच तर खायला घालता त्यांना.”

लोक आपापल्या हातातल्या पिशव्यांकडे बघू लागले. सगळ्यांत पेंड होती.

मी तर ती स्वतःच्या हातानं टाकायचो. मासे पायरीशी येऊन खायचे, तरी ते जाड कशानं, हा प्रश्न मला पडला नाही. घरी रंगू भाकरी मागायची आणि मी तिच्यापुढं तीर्थाचा तांब्या धरायचो. बुवाला पोलिसांनी नेलं. मला कुणी काही विचारलं नाही.

तुमच्या घरात कुणी वाळत असेल तर त्याला सरकारी दवाखान्यात न्या. गोळ्या मधेच सोडू नका. मागेल तेवढं जेवायला घाला. आणि कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी तो कशानं होतो ते विचारा. मी विचारलं नाही.