आजाराचं हसू

ओठच होते ते. पुठ्ठ्याचे, गर्द लाल, मधे दातांची पांढरी पट्टी आणि खाली आइसक्रीमला असते तशी काडी. ती चिमटीत धरून ओठ तोंडासमोर आणले की माणूस हसरा झाला. दारातल्या बाईने त्याच्या हातात असं एक हसू ठेवलं, आणि डिंक अजून वाळला नसल्यामुळे ते त्याच्या अंगठ्याला चिकटलं... धडधाकट तोंड घेऊन जन्मलेल्या एवढ्या माणसांना हसायला पुठ्ठा लागत असेल, तर इथे आजारी नेमकं कोण?

इस्पितळाचं सभागृह भरलं होतं. मंचामागच्या फलकावर ‘आजार दुर्मिळ, हसू निर्मळ’ अशी अक्षरं, आणि त्याखाली भिंतभर त्याची मुलगी. दोन्ही हात खारीसारखे छातीशी दुमडून धरते म्हणून खारू. एकोणीस वर्षांची झाली तरी खारूच. जनुकाचा एक तुकडा जागेवर नाही, एवढंच तिचं झालेलं. त्यामुळे ती बोलत नाही, चालताना डुलते, तिला झटके येतात, रात्री झोप येत नाही – आणि ती हसते. कारण असो वा नसो, हसते. गोवराचं जसं पुरळ, तसं या आजाराचं हसू. आता गोवराच्या फलकावर कोणी ‘पुरळ निर्मळ’ असं छापत नाही, पण ही मंडळी छापतील. यमक जुळलं की ही मंडळी काहीही छापतील.

त्याचा उभा जन्म ओळखपत्रांचे फोटो काढण्यात गेला होता – मान सरळ, कान दिसू द्या, हसू नका. दिवसभर लोकांची तोंडं मिटवायची हाच धंदा. खारूच्या अपंगत्वाच्या ओळखपत्राचा फोटो कचेरीने परत पाठवला होता, दात दिसतात म्हणून. तेच दात आता भिंतीवर, प्रत्येकी तळहाताएवढे.

आणि तरी तो आला होता. बायको गेल्यापासून खारू दिवसभर स्टुडिओत, मागच्या पडद्याआड बसायची. परवा तिने दिव्याचा स्टँड ओढला, तो गिऱ्हाइकाच्या तान्ह्या बाळापासून वीतभर अंतरावर पडला. हा कार्यक्रम भरवणारी समिती अशा मुलांसाठी दिवसभराचं केंद्र काढणार होती, आणि त्याला जागा देणारे पाहुणे – पाण्याच्या टाक्यांचे कारखानदार – पहिल्या रांगेत फोन चाळत होते, पुठ्ठ्याचं हसू मांडीवर पालथं घालून. टॅक्सीत बहिणीने बजावलं होतं, “तिथे तोंड वाकडं करू नकोस. हिला उद्यापासून कोण बघणार, तू का मी?” तिरस्कार करायलासुद्धा सवड लागते, आणि ती मिळायची तर केंद्र हवंच होतं.

समितीच्या अध्यक्षबाईंनी आजाराचं नाव एक अक्षर जास्तीचं घालून उच्चारलं आणि त्याला बोलावलं. काय बोलायचं ते त्यांनी फोनवर पढवलं होतं. चारच वाक्यं. झटके नकोत, जागरण नको, जनुक तर नकोच. “लोक जांभया देतात हो, दादा. हसू लक्षात राहतं.”

“मी भाग्यवान बाप आहे,” तो ध्वनिक्षेपकात म्हणाला.

पहिल्या रांगेत, आत्याच्या कुशीला टेकलेली खारू हसली. खळखळून, मान मागे टाकून. सभागृह विरघळलं. अध्यक्षबाईंचा हात आपसूक छातीवर गेला.

“खारू म्हणजे आमच्या घरचा आनंद.”

पुन्हा हसली. आता टाळ्याही पडल्या. टाळ्या, पुरळाला... आणि मग कुठून कोण जाणे, तिसरं वाक्य त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

“ती रात्री झोपत नाही. मग मीही झोपत नाही.”

खारू गप्प. ओठ मिटलेले, नजर थेट त्याच्यावर – ओळखपत्रासाठी इतकी वर्षं मागूनही न मिळालेला चेहरा. अध्यक्षबाई अवघडल्या, पाहुण्यांनी फोनवरून मान वर केली, आणि त्याने घाईघाईने पढवलेलं जोडून दिलं, “पण तिचं हसू पाहिलं की सगळा शीण जातो.”

वाक्य पुरतं व्हायच्या आत ती हसली.

योगायोग. दुसरं काय असणार? ती तीन वर्षांची असताना डॉक्टर म्हणाले होते, हे हसू आजाराचं आहे, त्यात अर्थ शोधू नका. बायकोने ते शेवटपर्यंत मानलं नाही, आणि बायकोच्या त्या भाबडेपणाची त्याने मनातल्या मनात कीव केली. पण आत्ता, या क्षणी, त्याच्या अंगात एक हलकी, दुष्ट गुदगुली उठली – ही यांना हसतेय. फलकाला, टाक्यांवाल्याला, काडीवरच्या ओठांना. जनुकांतून बाकी काही धड उतरलं नाही तरी बापाची तुच्छता तेवढी शाबूत उतरली. एवढी वर्षं आपल्याच घरात आपल्या बाजूचं माणूस बसलेलं, आणि...

आणि मग बायकोला घरातून नेतानाची ती दुपार. खोलीभर माणसं, तो भिंतीला टेकून ढसाढसा रडत होता, आणि खारू त्याच्याकडे बघून हसली होती, अश्शीच, मान मागे टाकून. त्याने डोळे पुसत एकेकाला समजावलं होतं, मनावर घेऊ नका, हे आजाराचं आहे. आजाराचंच होतं. असायलाच हवं होतं... कारण आजचं हसू तिचं, तर ते कुणाचं? आणि तो रडत होता तो गेलेल्या बाईसाठी, की आता हिला आपल्यालाच बघावं लागणार म्हणून – हे त्या खोलीत कुणाला कळलं होतं?

अध्यक्षबाई खुणा करत होत्या. एकच वाक्य उरलं होतं, सगळ्यात सोपं, कुठलाही बाप झोपेतही म्हणेल असं – माझं माझ्या लेकीवर जिवापाड प्रेम आहे. सभागृह तयार होतं, पाहुणे तयार होते. खारू हात छातीशी धरून, किंचित पुढे झुकून, त्याच्या तोंडाकडे बघत होती.

त्याने ओठ उघडले. पण शब्दाआधी त्याची नजर तिच्या ओठांवर गेली – हे ऐकून ती हसली तर?