पाचव्या दिवसाचा गुण

धाकटी बरी झाली तर थोरलीचा फायदा उघड होता. शिवणकारखान्याच्या हजेरीपटावर दर महिन्याला सख्ख्या बहिणीपुढे तीन तांबड्या फुल्या मारायचं टळणार होतं. म्हणून तिनंच धाकटीला माईंच्या रांगेत उभं केलं.

रांग जिन्यावरून थेट रस्त्यापर्यंत. माई पोटावर हात फिरवायच्या.

"दुखतंय?"

"नाही माई."

"गेलं. दुखणं म्हणजे आगाऊ पाहुणी, बायांनो. माझा हात दिसला की चपला सोडून पळते."

बायका हात जोडायच्या. नियम एकच: पाळीचे चार दिवस उलटल्याशिवाय जिना चढायचा नाही. हाताला विटाळ होतो.

सहा वर्षं धाकटी दर पाचव्या दिवशी बरी होत राहिली. पुढच्या महिन्यात पहिली कळ आली, ती मशीनवर वाकली, की थोरली म्हणायची, "बाईच्या जन्माला आलीस, सोसायचंच. नखरे पुरे."

मग एकदा पाचवा दिवस उलटला तरी कळ थांबेना. माई म्हणाल्या, "हिची श्रद्धा पातळ झाली." दुसऱ्या दिवशी धाकटी कापडाच्या गठ्ठ्यांवर कोसळली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जुन्या तारखा विचारल्या. थोरलीनं हजेरीपटच पुढे ठेवला, माईंचंही सांगितलं.

"माईंकडे कितव्या दिवशी जायची?"

"पाचव्या."

"आणि कामावर कितव्या दिवशी यायची?"

थोरलीचं बोट पटावर थांबलं. चौथ्या दिवशी, सकाळी आठला. दर महिन्याला. हजेरी तिच्याच हातची. पाहुणी निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी माई तिला हाकलत होत्या.

"याला एन्डोमेट्रिऑसिस म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं. पाळीत तेही सुजतं, रक्त साकळतं, आतले अवयव एकमेकांना चिकटतात. गोळ्या आहेत, शस्त्रक्रिया आहे. लवकर आला असता तर डावा बीजकोश कदाचित वाचला असता."

शुद्धीवर आल्यावर हे ऐकून धाकटीनं एवढंच विचारलं, "ताई, म्हणजे मी नखरे नव्हते ना करत?"



आठवड्यानं ती माईंच्या जिन्यात उभी राहिली. "बायांनो, दुखत असताना या. पाळीच्या दुसऱ्या दिवशी या, आणि म्हणा, आत्ता थांबवा. नाही थांबलं तर सरळ दवाखाना गाठा. पाळीत कामावरून उठवणारं दुखणं हा आजार असतो, नशीब नव्हे."

चौघी रांगेतून निघाल्या. बाकीच्या पुढे सरकल्या. माईंचं काही गेलं नाही.

घरी थोरलीनं सहा वर्षांचे पट काढून मोजले. फुल्या दोनशे सोळा. नखऱ्याची एकही नव्हती.