ढब्बूपुढचा चेंडू

लेक छबूची सुपारी फुटली आणि आठवड्याच्या आतच दिंद्रुडच्या सुंदरराव देशमुखांना आपल्या होणाऱ्या व्याह्याचा संशय यायला लागला.

व्याही म्हणजे चकलांब्याचे रामकिसनराव. दोघांचीही मोमिनाबादच्या छावणीत ऊठबस. तिथल्या गोऱ्या साहेबांनी माळावर गोल्फचं मैदान आखलं होतं आणि आसपासच्या जमीनदारांनाही त्या खेळाची चटक लावली होती. माळावर गवत टिकत नसे, म्हणून खळग्यांभोवती वाळू अंथरून, तेल शिंपडून चोपलेली असायची. दोघांचे चेंडू तिथं अगदी जवळ आले की खळगीकडचा उचलायचा, त्याच्या मागं खुणेला ढब्बू पैसा ठेवायचा आणि दुसऱ्याचा टोला झाला की चेंडू होता तिथंच परत ठेवायचा. सुंदररावांचे गुडघे धरलेले, त्यामुळं दोघांच्याही वतीनं वाकायचं काम रामकिसनरावच करत.

त्या सकाळी रामकिसनरावांनी स्वतःचा चेंडू उचलला, पण ढब्बू ठेवला चेंडूच्या पुढं. परत ठेवताना चेंडू गेला ढब्बूच्याही पुढं, खळगीच्या आणखी जवळ. सुंदररावांना वाटलं, नजरचूक असेल. पुढं दुसऱ्या एका खळगीलाही तेच झालं, तेव्हा मात्र त्यांच्या तोंडची सुपारी कडू झाली.

घरी त्यांनी बायकोला, मुक्ताबाईंना सांगितलं. एवढ्याशा चेंडूपायी लेकीची सोयरीक मोडायची का, असं त्या म्हणाल्या. पण सुंदररावांच्या डोक्यातला किडा जाईना. माणूस पाठवून त्यांनी सोयरिकीच्या वेळी सांगितलेली चकलांब्याची विहीर बघून घेतली, पोराच्या संगतीची चौकशी केली. सगळं सांगितल्यासारखंच निघालं. त्यानं त्यांचं मन आणखीच खाऊ लागलं. एवढं सगळं चोख कसं?

पुढच्या खेळाला त्यांनी नजर हलवली नाही. रामकिसनरावांनी चेंडू ठेवला तसे ते जवळ गेले.

"इवाई, चेंडू इथं नव्हता."

रामकिसनराव दचकले नाहीत की ओशाळले नाहीत. "न्हाई. जरा अलीकडं व्हता."

"मग कावून सरकवला?"

"चार बोटांनी कुणाचं काय जातंय? तुमचा बी सरकवतो की मी. गेल्या दिवाळीला चांदीचा प्याला तुमी जितला, तवा तुमचा चेंडू हातभर लांब व्हता. तुमी तंबाखू मळत व्हता. म्हणलं, जितू द्यावं पाव्हण्याला."

हे सांगताना त्यांच्या तोंडावर नुसती माया होती. सुंदरराव चोर पकडायला आले होते. तो प्याला त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवला होता. दुसऱ्या दिवशी काही कारण न सांगता त्यांनी तो छावणीत परत पाठवला आणि खेळणं सोडलं.

सोयरीक मात्र मोडली नाही. मोडायला कारण काय सांगायचं? माणूस आपल्याला खूश ठेवतो, हे? वैशाखात लग्न लागलं.

मग चकलांब्याहून निरोप यायला लागले. सूनबाई लई सुखात हाय, काळजी करू नका. मुक्ताबाईंना बरं वाटायचं. सुंदररावांना मात्र दर निरोपाला तो सरकवलेला चेंडू आठवायचा. शेवटी एका दुपारी बैलगाडी जुंपून ते स्वतःच निघाले.

वाटेत मुक्काम करत ते चकलांब्याला पोचले, तेव्हा रामकिसनरावांनी गळाभेट घेतली. जेवणं झाली. बापलेक दोघंच असताना सुंदररावांनी छबूला जवळ बसवून विचारलं, खरं काय ते सांग.

"लई सुखात हाय मी, आबा," छबू हसून म्हणाली.

सुंदरराव तिच्या तोंडाकडं बघत राहिले. लहानपणी अंगात ताप असला तरी ही पोरगी बापाला काळजी नको म्हणून खेळायला जायची. आताही ती तशीच हसत होती, की खरंच सुखात होती, त्यांना काही कळेना.

ते बाहेर आले आणि त्यांनी गाडीवानाला परतीसाठी जुंपलेले बैल सोडायला सांगितलं. आपण इथंच चार दिवस राहणार आहोत, असा निरोप त्यांनी मुक्ताबाईंना धाडला.