काळा बुश

वासंती सबनीसचं नॅनो ग्रीस दोनदा नापास झालं होतं. तिसऱ्यांदा झालं तर प्रयोग बंद, आणि वासंतीबाई पुन्हा डब्यांवरची लेबलं तपासायला. जयपूरच्या त्या बेअरिंग कारखान्याचे मॅनेजर नंदकिशोर देव यांनी हे तिला चहा पाजून सांगितलं होतं. देवसाहेब मूळचे नागपूरचे. वाईट बातमी ते चहाशिवाय देत नसत.

तिचं म्हणणं साधं होतं. फिरत्या शाफ्टवर घासताना गनमेटलच्या बुशाचा, म्हणजे शाफ्टभोवतीच्या धातूच्या कड्याचा, पृष्ठभाग दबून कडक होतो. ग्रीसमधले अतिसूक्ष्म कण ती कडक, काळपट साय टिकवून धरतात आणि झीज जवळजवळ थांबते. कागदावर थांबायची. वजन करायला जावं, तर बुश साबणासारखा झिजलेला.

मुख्य कार्यालयाचे पाहुणे यायच्या आदल्या दुपारी ती प्रयोगशाळेत शिरली. देवसाहेब बाह्या सरसावून उभे होते. एका हातात तिचा बुश, दुसऱ्यात एमरी पेपर.

"सर! काय करताय?"

"इन्स्पेक्शन आहे ना बाई! असा काळाकुट्ट दाखवायचा का? मागच्या दोन्ही वेळी मीच घासून चकचकीत केला होता. मतलब, कारखान्याची इज्जत असते."

वासंतीने बुश हिसकावूनच घेतला. "हा काळेपणाच माझं काम आहे, सर! तो तुम्ही दोन्ही वेळा खरवडलात, आणि झीज माझ्या ग्रीसच्या नावावर पडली."

देवसाहेबांनी एमरीकडे पाहिलं. मग चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, तेव्हा देवसाहेब बुशाच्या पुढ्यात असे उभे राहिले, जणू घरातलं न वाळलेलं धुणं लपवतायत. वासंतीने त्यांना नम्रपणे बाजूला केलं, बुश रॉकेलमध्ये धुतला, पुसला आणि वजनकाट्यावर ठेवला. सुरुवातीच्या आणि आताच्या आकड्यांत फरक शोधायला पाहुण्यांना चष्मा काढून पुन्हा लावावा लागला.

"आणि कडकपणा?" एका पाहुण्याने विचारलं.

"वाढलाय."

"मग सगळ्या मशिनांना हेच ग्रीस चालू करा. बाईंच्या देखरेखीखाली."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात देवसाहेबांच्या. "मी तर म्हणतच होतो!" ते म्हणाले. "वासंतीबाई, हा बुश आपण रिसेप्शनच्या शोकेसमध्ये ठेवू. आधी फक्त जरासा पॉलिश—"

वासंतीने बुश उचलला, पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.